दारात अडकलेले आबा

“दारात थांबले तर ओढू नका, ओरडू नका आणि रुसलेत असं तर मुळीच समजू नका,” डॉक्टरांनी सुनेला बजावलं होतं. मेंदूच्या तळाशी पेशींचे काही पुंजके असतात. पायांना ‘चल’ आणि ‘थांब’ म्हणायचं काम त्यांचं, नकोशा गोष्टीपासून मागे सरायला लावण्यातही त्यांचाच हात. सासऱ्यांचं ‘चल’ क्षीण झालं होतं. तिनं त्यातलं ‘नकोसं’ तेवढं उचललं. म्हणजे आपल्या हातचं जेवणच की!

आज ती सकाळचा उकडलेला भोपळा वाडग्यात काढून वळली, तर पाणी पिऊन परतणारे सासरे स्वयंपाकघराच्या दारातच. दोन्ही हात चौकटीला, पाय फरशीला खिळलेले.

“बाबा, सरका ना.”

“हो... सरकतोच.”

सरकले नाहीत. तेवढ्यात बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला. चार वर्षांची लेक तिकडे एकटी आणि बाल्कनीचं दार सताड उघडं!

“चिमे, स्टूल ठेव! बाबा, सरका म्हणते ना! मुद्दाम करताय तुम्ही!”

ती जितकी ओरडे, तितके ते घट्ट. शेवटी ती त्यांच्या काखेखालून घुसली आणि डोकं पलीकडे, धड अलीकडे अशी अडकली. वाडगा कलंडला. भोपळा सदऱ्यावरून निवांत ओघळू लागला. दारातून पुढे जाणारा तेवढाच एक.

“बाबा, पोळलं का हो?”

“नाही गं. गारच आहे. नेहमीसारखा.”

स्टूल खरखरत आलं, ते थेट दारापाशी.

“आबांना बसायला,” चिमी म्हणाली. मग तिनं पायातली चप्पल काढून आबांच्या बोटांपुढे आडवी ठेवली. “आबा, नाला आला! ओलांडा!”

आबांनी पाय उचलला, नाला ओलांडला. त्यांच्यामागे सूनबाई फरशीवर.

“तुला हे कुणी शिकवलं?”

“आम्ही रोजच करतो. तू रुसून खोलीत जातेस ना, तेव्हा.”

“आणि तू शाळेत असलीस की?”

चिमीला ते ठाऊक नव्हतं. सासरे खिडकीकडे बघत म्हणाले, “तेव्हा उभा असतो. परवा तू ताट आपटून गेलीस ना... दीडेक तास झाला असेल.”

ती बराच वेळ सदरा पुसत राहिली. पुसून झाला तरी.

“मला वाटायचं, माझ्या हातचं तुम्हाला नकोच असतं.”

“पायांचं ते दुखणं, पोरी. भोपळा नको, हे मात्र माझं स्वतःचं मत.”

तुमच्याही घरात कुणी मघापासून दारात गप्प उभं असेल. वाचन राहू द्या, आधी बघून या. आणि जाताना पायात चप्पल असू द्या.