हवालदारांच्या कानात सांगितलेली गोष्ट

हवालदार महादूतात्यांच्या कानात काही सांगायचं म्हणजे गावभर दवंडी पिटायची. लढाईत तोफेच्या आवाजानं कान गेले, असं ते सांगत. तुम्ही कुजबुजलात की तुमचंच वाक्य पुन्हा म्हणून ते खात्री करून घेत, आणि तेही परेडवर ओरडावं तसं. "काय म्हनता मास्तर? बायको रुसून म्हायेरी गेलीया?" झालं! दिवस मावळायच्या आत पारावर माझ्या संसाराची चर्चा.

बरं, बहिरेपण तरी कसलं, लबाड! वर्गणी मागा, ऐकू येत नाही. परड्यात शेजाऱ्याची कोंबडी शिरली की मात्र बरोबर ऐकू येतं.

आमच्या आठवड्याच्या बाजारात चिंचेखाली हौसाक्का मिरच्या विकायची. तिचा नवरा हवालदारांच्याच पलटणीत होता. तो लढाईतून परत आला नाही. आमचं म्हसवडकडचं कोरडं रान, त्यात पिकतं काय? दगड! बाईची चूल पेटायची ती त्या चिंचेखालच्या जागेच्या जिवावर. आणि पंचांनी ठराव केला की ती जागा चहाच्या हॉटेलाला द्यायची. हॉटेल कुणाचं? पंच अण्णांच्या मेव्हण्याचं! 'हौसा तिथं कधी बसतच नव्हती' असा कागदही तयार झाला. साक्षीला वजनदार सही हवी होती, म्हणून अण्णांनी हवालदारांना भर बाजारात गाठलं आणि त्यांच्या कानाला तोंड लावलं. काय ही अक्कल!

"काय? हौसा हितं कवा बसलीच न्हाई म्हनू?" हवालदार गरजले.

सगळा बाजार वळून बघायला लागला. अण्णा घाबरून आणखी हळू बोलले.

"काय? मेव्हन्याला हाटेल टाकायचंय? आन् मला रोज च्या फुकाट?"

अण्णा त्यांचं तोंड दाबायला गेले.

"लाजू नगा अण्णा, मोठ्यानं बोला! ठराव हाय न्हवं पंचांचा?"

तेवढ्यात एक म्हातारी भाजीवाली पुढं सरसावली. "आवं अण्णा, आमाला बी च्या पाजा की! आमी बी न्हाई बगितली हौसाला!" मग लोकांनी अण्णांची अशी हुर्यो उडवली की त्यांनी तिथंच कागद फाडला आणि घरचा रस्ता धरला. मी मास्तर असूनही शिट्टी मारली, खोटं कशाला सांगू?

हौसाक्काचे डोळे भरून आले होते. ती हवालदारांजवळ आली आणि दर बाजारी नवऱ्याबद्दल विचारायची तेच तिनं हळूच विचारलं. "भावजी, शेवटाला काय म्हनलं वं ते?"

"आं? मिरची? नगं, घरात लय हाय," म्हणून हवालदार चालायला लागले.

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना वेशीपाशी गाठलं. "तात्या, तुम्हाला सगळं ऐकू येतं. त्या बाईला दोन शब्द सांगायला तुमच्या जिभेला काय होतं?"

ते थांबले. पहिल्यांदाच इतक्या खालच्या आवाजात बोलले की मलाच कान द्यावा लागला.

"'महादू, मला टाकून जाऊ नगंस,' म्हनला. मागं सरायचा हुकूम व्हता, मास्तर. मी आलो निघून."