रुबेनकाकांची ओली मेंदी

विलायतेत, इल्फर्डच्या त्या मराठी ज्यू घरात पॅराफिनचा हीटर एकच, आणि तो मेंदीच्या झाडापाशी. माणसं आपली कोट घालून जेवत होती.

लेकीच्या, लिलीच्या, लग्नाला ओल्या पानांचीच मेंदी हवी, डब्यातली पूड नको, हा रुबेनकाकांचा हट्ट. म्हणून अलिबागहून बी मागवून त्यांनी कुंडीत झाड वाढवलेलं. त्यात एकोणसत्तर सालचा हिवाळा! बाहेर गुलाब काळे पडले. मग काय, कुंडी मागच्या खोलीत, तिला हदासाकाकूंची शाल, आणि शेजारी खुर्ची टाकून काका. पानांत दिव्याचा उजेड सांडला की त्यांना अलिबागच्या अंगणाचं कुंपण दिसायचं, समुद्राचा वाससुद्धा यायचा. मग हाक ऐकू येईल तर शपथ!

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी काकांनी पानं खुडली, कुटली, स्वतःच्या हातांनी कालवली. पुढच्या खोलीत गाणी सुरू झाली आणि बायकांनी लिलीच्या हातांवर मेंदी थापली.

"अहो, हीटर आणा की इकडे! पोर कुडकुडतेय," हदासाकाकू म्हणाल्या.

"अगं, सगळी पानं ओरबाडली बिचारीची. आता तिला गारठ्यात टाकू?"

"झाड आहे हो ते!"

"पप्पा, माझा हात बर्फ झाली," लिली आपल्या मोडक्या मराठीत कळवळली. "आय कान्ट फील माय फिंगर्स."

"आणतो गं बाळ." काका मागे गेले, हीटरशी जरा टेकले आणि ऊब लागताच त्यांचा डोळा लागला. हात तसेच बरबटलेले. स्वप्नात ते कुंपणाकडेनं रमतगमत समुद्रावर निघाले होते. इकडे गाण्यांच्या नादात हीटर सगळेच विसरले.

सकाळी लिलीनं हात धुतले. गारठ्यात मेंदी रंगते होय? तळव्यांवर नुसते पिवळट डाग. तिला रडूच फुटलं. काका दारात उभे, हात पाठीमागे. तिनं ते ओढून पाहिले, तर मनगटापर्यंत लालभडक!

"सगळं तुझ्यासाठी केलं गं," काका म्हणाले, "आणि रंगलो मी!"

लिली रडता रडता हसायला लागली.

"हदासा," शुलामीथमावशी डोळे बारीक करून बहिणीला म्हणाली, "जोडीदाराचं प्रेम जितकं जास्त, तितकी मेंदी रंगते म्हणतात. काय गं हे?"

"मम्मी! यू नेव्हर सेड!"

"चला, उशीर होतोय," काकू सगळ्यांवरच खेकसल्या.

सिनेगॉगच्या दाराशी काकांनी ओशाळून खिशातून हातमोजे काढले. काकूंनी ते हिसकावले आणि आपल्या पर्समध्ये कोंबले.