सरांच्या मफलरचं टोक

समुपदेशकाने कुणालाही सल्ला द्यायचा नाही, हा त्या केंद्राचा पहिला नियम होता. दुसरा नियम कोणता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण विचारलं की, "तुम्हाला दुसऱ्या नियमाची गरज वाटतेय," एवढंच उत्तर मिळे.

या केंद्रात दर आठवड्याला गट-पर्यवेक्षण चाले. म्हणजे लोकांची दुखणी ऐकणारी मंडळी गोल करून बसत आणि ती ऐकताना आपलं काय काय दुखलं, ते एकमेकांना ऐकवत. त्या दिवशी गट चालवायची पाळी पहिल्यांदाच केंद्रातल्या समुपदेशक ताईंवर आली होती. तास बिनसल्ल्याचा पार पडला, तर गट कायमचा त्यांचा. एक जरी सल्ला निसटला, तर पुन्हा बाहेरच्या टेबलावर बसून फोन उचलायचे. निवाडा करायला केंद्राचे प्रमुख, म्हणजे सगळ्यांचे सर, जातीने हजर होते. थंडी होती म्हणून ते हीटरला पाठ करून बसले, आणि बसता बसता त्यांच्या लोकरी मफलरचं टोक हीटरच्या जाळीवर पडलं.

सुरुवात आरसेबाईंनी केली. समोरच्याचं वाक्य त्याचं त्याला परत करण्यात या बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी नवरा "भूक लागलीय" म्हणाला, की त्या "तुम्हाला भूक लागलीय" म्हणत आणि हातातल्या पुस्तकाचं पुढचं पान उलटत.

"माझ्याकडे एक गृहस्थ तीन वर्षं येताहेत," आरसेबाई म्हणाल्या. "नाव अजून विचारलं नाही. उगीच दडपण यायचं."

"हं," हुंकारबुवा म्हणाले. त्यांची सगळी कारकीर्द या एका अक्षरावर उभी होती.

ताई मान डोलावत होत्या, पण नाक ऐकेना. सरांच्या मानेमागून धुराची बारीक रेघ वर चढत होती. "सर, उठा!" हे शब्द अगदी ओठांशी आले. पण "उठा" म्हणजे सल्ला, त्यातून वरिष्ठांना! ताईंनी तो तसाच गिळला.

"सर, आत्ता या क्षणी तुम्हाला काय जाणवतंय?"

सरांनी डोळे मिटले. "ऊब. गटाची ऊब. किती वर्षांनी जाणवतेय!"

आरसेबाईंचे डोळे भरून आले. धुरानेही आले असतील.

"मला काहीतरी जळत असल्यासारखं वाटतंय, सर."

"कधीपासून?" सरांनी मायेने विचारलं. "लहानपणापासून?"

"नाही, आत्ताच."

"आत्ताच, असं आपल्याला वाटतं," सर हसले. "मुळं खोल असतात."

नेमके तेव्हाच दाराच्या काचेबाहेर काका येऊन उभे राहिले. काकांना आजार होता न विचारता सल्ला देण्याचा. डॉक्टरने छातीला नळी लावली, तर ती कुठे लावावी हे काका सांगत. कुणाच्या मयताला गेले, तर खांदेकऱ्यांना पावलं कशी टाकावीत ते शिकवत. काकूंनी शेवटी बॅग भरली, तेव्हा कुठे ते ताईंकडे आले. ताईंनी घासूनपुसून त्यांना बरं केलं. आज शेवटची भेट होती.

काकांनी धूर पाहिला. तोंड उघडलं. मग शिकवण आठवून त्यांनी दोन्ही तळवे तोंडावर दाबले. ताईंना काचेतून ते दिसलं आणि अभिमानाने ऊर भरून आला. औषध लागू पडलं होतं. मेलं, आजच!

मफलरने पेट घेतला.

"हं?" हुंकारबुवा म्हणाले. प्रश्नचिन्हासकट म्हणण्याची त्यांची ही पहिलीच खेप.

ताईंनी पाण्याचा जग उचलला. "मला हे पाणी ओतावंसं वाटतंय. यावर गटाला काय वाटतं?"

"तुम्हाला पाणी ओतावंसं वाटतंय," आरसेबाई म्हणाल्या.

इथे काकांचा बांध फुटला. दार भिंतीवर आदळलं. "अहो, माणूस पेटलाय! सरका! मफलर सोडा! ते बटण बंद करा! आणा तो जग इकडे! आणि माणसाच्या पाठीशी हीटर ठेवतात होय?" एका दमात पाच सल्ले देऊन त्यांनी अख्खा जग सरांवर उपडा केला.

सरांच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं.

"गृहस्थ," सर म्हणाले, "तुम्हाला आम्ही पेटल्यासारखे वाटलो."

काका ओशाळले. "ताई, चुकलं हो. जीभ सुटली. तेवढं काकूच्या कानावर घालू नका."

सरांनी तिथेच निकाल दिला. अंगाशी येईपर्यंत गटातल्या एकानेही सल्ला दिला नाही, असा गट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. सबब गट ताईंचा. काकांचा आजार मात्र उलटलेला असून उपचार पहिल्यापासून सुरू करावेत.

ताई काकांना दारापर्यंत सोडायला गेल्या. मागे कुणी नाही असं बघून कुजबुजल्या, "काका, यापुढे आमच्या गटाच्या वेळेलाच येत जा. आणि हे बघा, लवकर बरे होऊ नका."

"अरे वा! हा सल्ला का?" काका खुलले.

"छे हो. मला आपलं तसं वाटलं."

आणि वाचकहो, मफलरचं टोक जाळीवर पडलं, ते दुसऱ्याच परिच्छेदात तुम्हीही पाहिलं होतं. पाहिलंत, पुढे काय होतंय म्हणून मजेत वाचत राहिलात, ब्र काढला नाहीत. शाबास! गटात एक खुर्ची रिकामी आहे. हीटरजवळचीच.