नळावरचे वायंगणकर

आमच्या लालबागच्या चाळीत सकाळी नळावर बालदीऐवजी स्टूल घेऊन येणारे एकच गृहस्थ होते, ते म्हणजे वायंगणकर. नळ मागच्या चौकात. पाणी साडेसहाला यायचं, पण बालद्या, कळश्या, तेलाचे डबे पाचपासूनच रांगेत बसायचे. त्यांची मालकमंडळी वर चहा पीत असत, तेव्हा वायंगणकर स्टुलावर बसून त्या रांगेचं चित्र काढत. कोणी बालदी उचलायला आलं की म्हणत, "जरा राहू द्या. कडीवर उजेड यायचाय अजून."

ते गिरणीत डिझाइन खात्यात होते. दिवसभर लुगड्यांच्या काठांवर कोयऱ्या काढायच्या. त्यामुळेच की काय, फुलं, मोर, चंद्र असल्या गोष्टींवर त्यांचा राग होता. एकदा मी मोठ्या हौसेने त्यांना वरळीला सूर्यास्त दाखवायला नेलं. त्यांनी समुद्राकडे पाठ केली आणि चणेवाल्याच्या टोपलीखालची वेताची तिवई अर्धा तास पाहिली. "ह्याला म्हणतात उभं राहणं," म्हणाले. सूर्याविषयी काही बोलले नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीतली पोरं त्यांना गेरू देऊन कोपऱ्यावरच्या भिंतीवर घोषणा लिहायला घेऊन गेली. 'मुंबईसह' एवढं होईतो पोलिसांची गाडी आली. पोरं पळाली. वायंगणकर पळाले नाहीत, कारण भिंतीला ओल होती आणि गेरू त्या ओलीत फार सुरेख उतरत होता. हवालदारालाही त्यांनी तो दाखवला. दुपारी चौकीतून सुटून आले ते तिथल्या माठाचं चित्र घेऊन.

इथवर चाळीने त्यांना सांभाळून घेतलं. पण मग त्यांनी बालद्या सरकवायला सुरुवात केली.

रांगेतली बालदी म्हणजे काय, हे चाळीत न राहिलेल्या माणसाला समजायचं नाही. तुमची बालदी तिथे आहे म्हणजे तुम्ही तिथे आहात. पहिली बालदी नेहमी परबिणीची. तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. वायंगणकरांनी ती जागेवर ठेवून मागची प्रत्येक वस्तू हातभर मागे ओढली. मधे जागा मोकळी झाली, तिथे उशिरा आलेल्या कोणीतरी आपला डबा घुसवला आणि भांडण जुंपलं. हे आठवडाभर रोज चाललं. वायंगणकर स्वतः त्या जागेत काहीच ठेवत नसत, याचा लोकांना जास्त राग आला. स्वतःसाठी केलं असतं तर समजण्यासारखं होतं.

चाळ कमिटीची बैठक भरली. विषय दोन, मोर्चा आणि वायंगणकर. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे, हे पाच मिनिटांत ठरलं. वायंगणकरांवर दोन तास गेले. त्यांनी यापुढे नळावर स्टूल आणू नये, असा ठराव झाला. माझं अक्षर बरं म्हणून मी कमिटीचा चिटणीस, त्यामुळे रविवारी दुपारी ठराव घेऊन तिसऱ्या मजल्यावर मलाच जावं लागलं.

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली होती. तेव्हापासून तिचे पाय गेले होते. सुरुवातीला आम्ही सगळे विचारपूस करायला जात होतो. मग राहून गेलं. मीही वर्षभर फिरकलो नव्हतो, आणि दारात उभं राहिल्यावर मला त्याची लाज वाटली.

वायंगणकरांनी ठराव वाचला. त्यांचा चेहरा उतरला. कागदाची नीट घडी घालून ते म्हणाले, "अजून चार सकाळी मिळाल्या असत्या तर चित्र पुरं झालं असतं."

चित्र खाटेसमोर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आमचीच रांग होती. पोचा आलेली माझी बालदीसुद्धा त्यात बरी दिसत होती. फक्त परबिणीच्या बालदीमागे एका तांब्याच्या कळशीची नुसती रेघ होती, रंग भरायचा राहिलेला.

"ती माझी कळशी," बाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "बारा वर्सां मी परबिणीच्या पाठी उभी रवलंय. माझी जागा जाता नये म्हणान ह्ये थंय जाऊन बसतत."

"पण रांग मोडायची काय गरज होती?" मी विचारलं. "मनानेच काढायची की कळशी."

वायंगणकर ओशाळले. "मनानं येत नाही हो मला. जागा दिसावी लागते."

बाईंनी मग मला विचारलं, नळावर अजून भांडतात का. रोज भांडतात, मी सांगितलं.

"माझ्या नावान आता कोण भांडता?"

मी उठलो, पहिल्या मजल्यावर परबिणीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली. मी थोडा वेळ थांबून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी वायंगणकर ठराव पाळून वरच बसले. खाली परबिणीने आपली बालदी ठेवली, मागे हातभर जागा सोडली आणि कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने एकाने तिथे डबा टेकवला. परबिणीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या मजल्याकडे तोंड वर करून, सगळा चौक दणाणेल अशा आवाजात ती म्हणाली, "वायंगणकरणीच्या जागेर डबो कोणी ठेवल्यान? ती येयत तेवा येयत. तवसर हंय कोण उभो रवाचो नाय."

आणि वरच्या खोलीतून, कित्येक दिवसांत न वापरलेल्या, चिरक्या आवाजात उत्तर आलं, "फेकून दी गो तो."