पाठमोरं प्रदर्शन

एका जंगलात एक मंगळवार होता. मुलांनो, तो अगदी साधा मंगळवार होता. ओढ्याला पाणी होतं. माकडं भांडत होती. कासव सकाळी कुठेतरी जायला निघालं होतं आणि दुपारीही निघतच होतं.

त्या दिवशी जंगलात दोन बातम्या आल्या.

पहिली शाळेत आली. ती परिपत्रकात होती, म्हणून तिच्यासाठी घंटा वाजवण्यात आली. दुसरी ओढ्यापलीकडच्या बेहड्याच्या झाडावर आली. तिच्यासाठी काही वाजलं नाही.

बेहड्यावर धनेश पक्ष्यांचं घर होतं. धनेशांची एक रीत आहे, ती तुम्हाला आधी सांगायला हवी. अंडी घालायच्या वेळी आई झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेते. फक्त एक उभी फट ठेवते. चोच आत येईल, एवढीच. बाबा बाहेरून फळं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. पिल्लू जरा मोठं होईपर्यंत हे असंच चालतं. साप आत येऊ शकत नाही, माकडाचा हात पोचत नाही. रीत चांगली आहे. तिच्यात उणीव एकच. बाहेर एकटाच असतो.

त्या मंगळवारी दुपारपर्यंत फळ आलं नाही. मग एक तांबट पक्षी आला. फटीशी बसून त्यानं सांगितलं, की धनेश डोंगराच्या त्या अंगाला पडला आहे आणि आता येणार नाही. एवढं सांगून तो थोडा वेळ तिथेच बसून राहिला. पुढे काही बोलला नाही. त्या दिवशी जंगलात याहून मोठं शहाणपण कुणी दाखवल्याची नोंद नाही.

आईनं लिंपण आतून फोडलं आणि ती स्वतः फळं आणायला गेली. पिल्लू जगलं. त्याचं नाव उंबरी. ती मुलगी होती.

आता पहिल्या बातमीकडे वळू. परिपत्रकात लिहिलं होतं, की यापुढे चित्रकलेच्या तासाला काढलेल्या प्रत्येक चित्राविषयी विद्यार्थ्यानं आपलं मनोगत लिहावं. मुलानं नुसतं चित्र काढायचं आणि उठून खेळायला जायचं, हे वरच्या जंगलाला बरं वाटत नव्हतं. चित्र काढल्यावर मूल काहीतरी शिकलं असणार. शिकलं असेल तर ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. लिहिलेलं नसेल तर शिकलं कशावरून?

परिपत्रक तातडीचं होतं. त्यामुळे ते अमलात यायला एक वर्ष लागलं. तोवर उंबरी शाळेत जाऊ लागली होती.

शाळेत चित्रकला शिकवायला साळिंदरबाई होत्या. वर्षाच्या सुरुवातीला त्या प्रत्येक मुलाला आपल्या अंगावरून गळलेला एक काटा देत. मुलं तो जांभळाच्या रसात बुडवून सागाच्या वाळलेल्या पानांवर चित्रं काढत. बाई फारसं शिकवत नसत. मुलाच्या मागे येऊन उभ्या राहत आणि 'हं' म्हणत. त्यांचा 'हं' निरनिराळा असे. कोणत्या 'हं'ला थांबायचं आणि कोणत्या 'हं'ला पुढे जायचं, हे मुलांना बरोबर कळत असे.

परिपत्रकात 'हं'साठी रकाना नव्हता.

रकाने चार होते. या चित्रातून मी काय शिकलो? चित्र काढताना मला कसे वाटले? इथे 'आनंदी' किंवा 'अतिशय आनंदी' यांपैकी एकावर खूण करायची होती. मला कोणती अडचण आली व मी तिच्यावर कशी मात केली? पुढच्या वेळी मी काय वेगळे करीन?

पहिल्या आठवड्यात मुलं गोंधळली. ससुल्यानं गवत काढलं होतं. आपण काय शिकलो, ते त्याला सुचेना. शेवटी त्यानं लिहिलं, 'गवत हिरवे असते.' ते त्याला आधीपासून माहीत होतं, शिवाय त्याचं गवत जांभळं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून मुलं सरावली. 'आत्मविश्वास वाढला' हे वाक्य कोणत्याही रकान्यात बसतं, असा शोध मुंगसानं लावला आणि तो सर्वांना वाटून टाकला. कासवानं आपलं चित्र कवचात डोकं घालून एकट्यानं काढलं होतं. त्याच्या मनोगतात सांघिक भावनेविषयी पाच ओळी होत्या. मोराच्या मुलाचं मनोगत नऊ पानं भरलं. चित्र काढायला पान उरलं नाही, म्हणून त्यानं एका कोपऱ्यात एक ठिपका दिला आणि तो का दिला, हे दहाव्या पानावर लिहिलं. हरिणीनं तर मनोगत घरीच लिहून आणलं आणि पाडसाला सांगितलं, "आता याला शोभेल असं काहीतरी काढ."

बाई सगळी मनोगतं वाचत. वाचताना त्यांच्या तोंडून 'हं' निघत नसे.

मग वार्षिक प्रदर्शन जवळ आलं. विषय होता 'माझ्या घरचे'. पाहून काढायचं नाही, आठवून काढायचं.

उंबरीनं सागाचं सगळं पान जांभळानं रंगवून टाकलं. थर इतके दिले की पान काळं झालं. मधोमध एक उभी, अरुंद फट तेवढी कोरी ठेवली. त्या फटीत चोचीचं टोक काढलं आणि टोकात एक फळ.

वानराच्या मुलीनं ते पाहून, ही अमावास्या आहे का, असं विचारलं. मोराचा मुलगा बराच वेळ मान वाकडी करून पाहत होता.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"बाबा."

"अर्धे पण नाही काढलेस."

"मला तेवढेच दिसायचे," उंबरी म्हणाली.

बाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी 'हं' म्हटलं. तो 'हं' वर्गात कुणी आधी ऐकला नव्हता. मुलं आपापल्या पानांकडे पाहू लागली.

मुलांनो, उंबरीला हे चित्र प्रदर्शनात लागायला हवं होतं. बक्षिसासाठी नाही. चित्र बरोबर आलं आहे की नाही, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते सांगू शकेल असं जंगलात एकच जण होतं, तिची आई. ती चोच रोज पाहणारं तिसरं कुणी नव्हतंच. पण घरी तो विषय निघत नसे. त्या मंगळवारनंतर आई बेहड्यावर बोलायची ती पिकलेल्या फळांविषयी, वाऱ्याविषयी, पंख नीट मिटण्याविषयी. प्रदर्शनाला मात्र सगळ्यांचे पालक येतात. आई चित्रासमोर उभी राहील, आणि मग विचारता येईल, असं उंबरीनं ठरवलं होतं.

अडचण मनोगताची होती. तिचं मनोगत कोरं होतं.

परिपत्रकाचा शेवटचा नियम असा होता, की ज्या चित्राचं मनोगत कोरं असेल ते अपूर्ण धरावं आणि निर्लेखनासाठी वाळवीकडे पाठवावं. वाळवीचं काम चोख असतं. तिच्याकडून काहीही परत आल्याचं कुणाला आठवत नाही.

बाईंनी उंबरीला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. मनोगताचं पळसाचं पान दोघींच्या मध्ये ठेवलं. पहिल्या रकान्यावर दोघी थोडा वेळ बसल्या. यातून आपण काय शिकलो, ते उंबरीला सांगता येईना. बाईंनाही सुचेना, आणि त्या तर शिक्षिका होत्या. दुसऱ्या रकान्यातले दोन्ही पर्याय उंबरीनं वाचले आणि खूण न करता पुढे गेली. तिसऱ्यात अडचण लिहायला जागा होती, पण मात केल्याशिवाय अडचण लिहिता येत नव्हती.

"चौथा तरी भर, बाळ," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी काय वेगळं करशील?"

उंबरीनं विचार केला.

"फट थोडी रुंद ठेवीन."

बाईंना ते आवडलं. "मग लिही की."

"नको, बाई."

"का गं?"

"आई वाचेल," उंबरी म्हणाली. "फट तिनं ठेवली होती."

बाईंनी पळसाचं पान उचललं. त्याची घडी करावी की करू नये, हे त्यांना कळेना. मग त्यांनी उंबरीला खेळायला पाठवलं.

प्रदर्शन भरवायच्या दिवशी आणखी एक पेच निघाला. परिपत्रकात एके ठिकाणी लिहिलं होतं, 'मनोगत चित्राच्या मागील बाजूस डिंकाने चिकटवावे.' दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, 'मनोगत सर्वांस वाचता येईल अशा रीतीने प्रदर्शन मांडावे.' दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर होती. ती एकदम पाळायची तर मार्ग एकच होता. शाळेनं सगळी चित्रं झाडांच्या बुंध्यांकडे तोंड करून टांगायचं ठरवलं.

साठ चित्रांच्या साठ पाठी. प्रत्येक पाठीवर एक मनोगत.

पालक आले. त्यांना प्रदर्शन फार आवडलं. लांडोर म्हणाली, की गेल्या वर्षी नुसते रंगच रंग होते, डोळे दुखून यायचे. यंदा कसं सगळं एकसारखं आणि शांत दिसतंय. हरिणीनं आपलं मनोगत पुन्हा एकदा वाचलं आणि पाडसाची पाठ थोपटली. वानरांनी एकमेकांच्या मुलांचे रकाने मोजले. पलीकडची बाजू पाहावी असं एकालाही वाटलं नाही, कारण ती बघायची असते असं कुठे लिहिलेलं नव्हतं. वाळवीचा कारकून पळसाखाली टोपली घेऊन बसला होता आणि कोरं काही आहे का, असं अधूनमधून विचारत होता.

साळिंदरबाईंनी उंबरीचं चित्र सगळ्यांत शेवटी लावलं. पळसाचं कोरं पान त्यांनी नियमाप्रमाणे मागे डिंकानं नीट चिकटवलं. मग ते कोरं पान बुंध्याकडे केलं आणि चित्र बाहेरच्या बाजूला.

साठांतलं ते एकच चित्र दिसत होतं.

धनेशीण उशिरा आली. तिला फळं शोधायला लांब जावं लागतं. ती एका एका बुंध्यासमोर थांबत, पाहुणे वाचतात तसं वाचत पुढे सरकत होती. शेवटच्या बुंध्यापाशी वाचायला काही नव्हतं. तिथे ती थांबली. उंबरी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, पण ठरवलेला प्रश्न तिला विचारता येईना.

बऱ्याच वेळानं आईच म्हणाली, "टोक डाव्या बाजूनं झिजलेलं होतं."

"मग चुकलं का?"

"नाही. झिजलेलंच काढलंयस."

आई पुढे बोलू लागली. ती हळू बोलत होती, पण थांबत नव्हती. तो फळ सोलून आणायचा नाही, कितीदा सांगितलं तरी. फटीपाशी नीट उभं राहायला जागा नव्हती, म्हणून शेपटी सालीला टेकवायचा, अशी. आणि मान तिरकी करायचा, कारण सरळ केली तर चोच बसायची नाही. आईनं बुंध्याला पंजे रोवले, शेपटी टेकवली आणि मान तिरकी करून दाखवली. चित्रात जे नव्हतं, ते उंबरी तिच्याकडे पाहून घेऊ लागली.

एवढ्यात तपासणी करत करत गवासाहेब तिथे आले.

गवासाहेब केंद्रप्रमुख होते. फार मोठे होते आणि स्वभावानं वाईट नव्हते. एका चित्राला किती वेळ द्यायचा हे त्यांना ठरवून दिलेलं होतं, आणि तो त्यांनी एकोणसाठ वेळा दिला होता. साठाव्यापाशी त्यांना वाचायला काही सापडेना. त्यांनी एका डोळ्यानं पाहिलं. मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. पळसाखालचा कारकून टोपली उचलून जवळ आला.

"बाई, याचं मनोगत कुठे आहे?"

"मागे चिकटवलंय, साहेब," साळिंदरबाई म्हणाल्या. ते खरं होतं.

"सगळ्यांचंच मागे आहे. मग हे असं का?"

"उलटं लागलं, साहेब."

गवासाहेबांनी धनेशिणीकडे पाहिलं. ती अजून शेपटी टेकवूनच उभी होती. त्यांनी चित्राकडे पुन्हा पाहिलं. ठरवून दिलेला वेळ संपला, तरी ते जरा थांबले. त्यांच्या मनात काय आलं, ते सांगता येत नाही, कारण त्यांना मनोगत लिहायचं नव्हतं. मग त्यांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं, 'प्रदर्शन उत्तम. सर्व मनोगते सुवाच्य. एक चित्र उलटे लागले आहे. सरळ करून घ्यावे.'

"करून घ्या, बाई," ते म्हणाले.

"करते, साहेब."

कारकुनानं टोपली खाली ठेवली. शेऱ्याप्रमाणे कोरं मनोगत कुठेच नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं आणि एक फक्त उलटं लागलं होतं. उलट्याचं निर्लेखन करायचा नियम नाही.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. बाकीची चित्रं ज्याच्या त्याच्या घरी गेली. पालकांनी ती मनोगत बाहेर ठेवून टांगली आहेत. मोराच्या मुलाचा ठिपका एकदा लांडोरीला दिसला. डाग समजून तिनं तो पुसून काढला.

तात्पर्य : मुलांनो, दिलेले सर्व रकाने नेहमी पूर्ण भरावेत, म्हणजे तुमचं चित्र कुणाला दिसत नाही. गवासाहेबांच्या शेऱ्यानुसार करायची दुरुस्ती अद्याप झालेली नाही.