वजन विचारणारा बाबी

सत्यनारायणाचा प्रसाद हातावर घेऊन यजमानांच्या वृद्ध मातोश्रींना भर ओटीवर "आये, तुजा वजन कितक्या?" असे विचारणारा इसम आमच्या पंचक्रोशीत एकच आहे. उत्तर टाळल्यास तो पिशवीतून वजनकाटा काढतो. हा बाबी, सरकारी रुग्णवाहिकेचा चालक.

त्याच्याविरुद्ध पहिली लेखी तक्रार मीच केली, हे येथे नमूद करणे मी कर्तव्य समजतो. दिवाणी न्यायालयात छत्तीस वर्षे काढलेला मी माणूस. अन्याय दिसला की मला कागद लागतो. शेजारच्या दाजींना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा ते गाडीत पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. माझ्या तक्रारीला उत्तर आले : "वाहन विहित वेळेत पोहोचले." माझा संताप अनावर झाला. वाहन पोहोचले ते वरच्या डांबरी रस्त्यावर! दाजी होते जांभ्याच्या पाखाडीच्या बावन्न पायऱ्या खाली. चादरीच्या झोळीतून त्यांना वर आणण्यात गेलेली मिनिटे शासनाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. मी दुसरे पत्र धाडले. मग तिसरे.

तिसऱ्यानंतर, सुट्टीच्या दिवशी, बाबीच अंगणात उभा राहिला. भांडायला आला असेल म्हणून मी फाईल काढली. त्याच्या हातात दोन बांबू होते.

"काकांनू, तुमी बरोबर लिवल्यात. गाडी एक, गाव इतके. म्हातारी माणसां घरात एकटी, दर्यार पर्यटक. फोन वाढतच चल्ले. गाडये वाढवक माका जमाचा नाय. पाखाडयेरची मिनटां कमी करूक जमतली."

आणि माझ्याच वेताच्या खुर्चीला बांबू बांधून त्याने मला तीत बसवले. त्याच्या हाकेसरशी वाटेवरची माणसे जमली : पुढे पोस्टमन आणि गवंडी, मागे मासे विकणारी शेवंती आणि स्वतः बाबी. असे वर नेले जाण्यास माझी संमती नसल्याचे मी प्रत्येक पायरीवर बजावत होतो.

"पेशंट इतको बोलना नाय, काकांनू," बाबी म्हणाला.

"आणि इतको जडय नसता," शेवंतीने धापा टाकत पुस्ती जोडली.

अशी एकेक वाडी त्याने सुट्टीच्या दिवशी पालथी घातली. प्रत्येक म्हाताऱ्यामागे एक खुर्ची, आणि वजन पाहून नेमलेले चौघे. बाबी स्वतः गाडीवर असणार, म्हणून आमच्या सौ.च्या खुर्चीचा चौथा कोपरा सत्तरीतल्या मला मिळाला.

गेल्या गणपतीनंतर भर दुपारी सौ.च्या छातीत कळ आली. मी फोन केला, आणि जन्मखोडीनुसार वेळ टिपू लागलो.

"घड्याळ मागीर बघा, बांबू धरा!" शेवंती ओरडली.

गाडी वळणावर आली, तेव्हा खुर्ची वर रस्त्यावर टेकलेली होती. सौ. वाचली. आता जिल्ह्याच्या कचेरीत मी ताठ मानेने सांगतो : दुसऱ्या गाडीसाठी माझा पत्रव्यवहार थांबणार नाही, पण आमच्याकडे वेळ रस्त्यापासून मोजत नाहीत, बिछान्यापासून मोजतात. आणि ही पद्धत आमच्या बाबीची.

आयुष्यात प्रथमच मी कौतुकाचे पत्र लिहिले आणि ते द्यायला त्याच्या घरी गेलो. पाखाडी आमच्याहून लांब. डावी-उजवीकडची घरे कुलूपबंद, माणसे मुंबईला. बाबी एकटाच ओटीवर तांदूळ निवडत बसला होता. कोपऱ्यात बांबू बांधलेली खुर्ची होती. तिची सुंभाची दोरी अजून कोरी.

"ही कुणाची?"

"माजीच." तो सुपातून मान वर न करता हसला. "बांधून ठेवलंय खरी. पण माका उचलतलो कोण?"

मी पत्र खिशातच ठेवले. त्याच्या पिशवीतून वजनकाटा काढला आणि त्याच्यासमोर जमिनीवर मांडला.

"चढ, बाबी. तुजा वजन कितक्या?"

जगाला हा प्रश्न विचारणारा माणूस लाजला. मग चढला. एकसष्ट किलो.

खुर्चीच्या डाव्या बांबूच्या मागच्या टोकावर मी त्याच्यादेखत माझे नाव लिहिले. उजव्या टोकासाठी शेवंतीला उद्या विचारणार आहे.