वुडरशचे केस

"यंदा पाटीवर माझंच नाव," मर्डोने न्याहारीलाच बायकोला जाहीर केलं आणि खुशीत सॉसेजचा तुकडा टॅटीला दिला. टॅटी हा त्याचा पांढरा, केसाळ कुत्रा.

गावाच्या हॉलमध्ये वनस्पती मंडळाची लाकडी पाटी होती. उन्हाळ्याच्या सहलीत ठरलेली वनस्पती जो आधी गाठेल, त्याचं नाव तिच्यावर सोनेरी रंगात चढे. गेली कित्येक वर्षं ते मंडळातल्या एल्स्पेथचंच चढत होतं. मर्डोच्या पोटात इतकं दुखे, की तो हॉलमध्ये पाटीकडे पाठ करून बसायचा.

यंदा शोधायचा होता डोंगरमाथ्यावरचा वुडरश. दिसायला गवतच, फक्त पानांच्या कडेला लांब पांढरे केस. टॅटी पुढे धावत, लोळत गेला. मर्डोनेही चढावर एल्स्पेथला मुद्दाम मागे टाकलं आणि पहिल्याच हिरवळीवर पालथं पडून भिंग लावलं. केस! लांब, पांढरे, भरघोस.

"सापडला!" तो असा ओरडला की मेंढ्या उधळल्या.

एल्स्पेथ धापा टाकत आली. "मर्डो, तू पाण्यात झोपलायस."

"जळतेस तू."

"अरे, ही दलदल आहे. त्याला उघडी खडी लागते, बर्फ उशिरापर्यंत हटत नाही तिथली." तिने पानावरचा केस चिमटीत धरून अलगद उचलला. "वुडरशचे केस असे हातात येत नाहीत बाबा. हे तुझ्या कुत्र्याचे."

मर्डोचा स्वेटर निथळत होता. सगळा राग त्याने टॅटीला हाका मारण्यात काढला. टॅटी वर, बर्फाच्या शेवटच्या पट्ट्याशेजारी, खडीवर ऐसपैस पसरला होता. हलायला तयार नाही. शेवटी दोघं वर गेली आणि मर्डोने त्याला उचललं. त्याच्या अंगाखाली होते मान टाकलेले तपकिरी तुरे आणि पानांच्या कडेला केस. एल्स्पेथने ओढून पाहिले, निघेनात.

"कुत्रा मी उचलला," मर्डो घाईने म्हणाला.

"ओळखला मी."

"कुत्रा माझा आहे."

"नियम काय आहे? जो आधी गाठेल तो."

दोघांनी टॅटीकडे पाहिलं. तो जांभई देत होता.

पाटीवरचा रंग वाळला त्या सकाळी मर्डोने सॉसेजची बशी हळूच आपल्याकडे ओढली.

"दे त्याला," बायको म्हणाली. "पाटीवर नाव असलेला या घरात तो एकटाच आहे."